वाचकांचे प्रश्न : बाप्तिस्मा कोणाचा, आणि ते बालक कोणते?

या महिन्यातील पत्रे वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. चार वेगवेगळ्या तालुक्यांतून, एकमेकांना न ओळखणाऱ्या चौघांनी लिहिले आहे, पण प्रत्येकाची अडचण शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते : देवाकडे जाण्यासाठी माणसाने आधी काहीतरी होऊन दाखवावे लागते का? जाणते, शिकलेले, निःशंक? म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून या चारच पत्रांना जागा दिली आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्यांपासून तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करतात. माझी पत्नी ज्या मंडळीत (चर्चमध्ये) वाढली, तिथे माणूस जाणता झाल्यावर स्वतः साक्ष देतो आणि मग त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. माझी आई रोज म्हणते, पोरीचे काही बरेवाईट झाले तर तिचे काय होईल? पत्नीच्या माहेरचे पाळक म्हणतात की मुलीचे राहू द्या, तुमचा स्वतःचाच बाप्तिस्मा खरा नाही, तो पुन्हा घ्या. मी काय करावे?
(एक वाचक, नवापूर तालुका)

उत्तर : आधी आपल्या आईंच्या भीतीविषयी लिहितो, कारण घरातील ताणाचे मूळ तिथे आहे, आणि नातीवरच्या मायेतून आलेली भीती वचनांची यादी वाचून दाखवल्याने जात नाही. त्यांना लूकच्या शुभवर्तमानातील एकच प्रसंग वाचून दाखवा. वधस्तंभावर येशूच्या शेजारी टांगलेल्या अपराध्याला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे अभिवचन मिळाले, तेव्हा त्याच्या अंगावर बाप्तिस्म्याच्या पाण्याचा थेंबही पडलेला नव्हता. ज्या प्रभूने शिष्यांना दटावून बालकांना कवेत घेतले, तो पाणी लागले नाही म्हणून एका तान्ह्या मुलीला दाराबाहेर ठेवील असे मानणे, हा त्याच्या स्वभावावरच आळ घेणे आहे.

ही भीती आजींनी मनाने काढलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. चौथ्या-पाचव्या शतकातील बिशप ऑगस्टीन याच्या शिकवणीनंतर पश्चिमेकडील मंडळीत ती खोल रुजली. गंमत अशी की खुद्द ऑगस्टीनचा बाप्तिस्मा लहानपणी झालाच नव्हता. त्याची आई मोनिका श्रद्धावान होती. लहानपणी तो फार आजारी पडला तेव्हा बाप्तिस्म्याची तयारीही झाली, पण त्याला उतार पडताच तो पुढे ढकलला गेला. अखेर इ.स. ३८७ मध्ये मिलान येथे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो पाण्यात उतरला. मोनिकेची ती सगळी वर्षे प्रार्थनेत गेली. आपल्या आईंना मोनिकेची ही गोष्ट अवश्य सांगा.

आता दोन्ही घराण्यांतील मतभेद. बाप्तिस्मा हा शब्द ग्रीक भाषेतून आला आणि बुडवणे हाच त्याचा मूळ अर्थ आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल त्याचा अर्थ उलगडतो तो पुरले जाण्याच्या आणि उठण्याच्या भाषेत : ख्रिस्ताच्या मरणात आपण त्याच्याबरोबर पुरलो गेलो, यासाठी की आपणही नव्या जीवनात चालावे. पाण्याखाली जाऊन वर येणाऱ्या माणसात हे चित्र जितके स्पष्ट दिसते, तितके कपाळावरच्या थेंबांत दिसत नाही. मी स्वतः शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीत वाढलो, तरी हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरीकडे, फिलिप्पै येथील लुदिया आणि तिचे घराणे, त्याच नगरातील बंदिशाळेचा अधिकारी आणि त्याच्या घरची सर्व माणसे, करिंथ येथील स्तेफनाचे घराणे यांचा बाप्तिस्मा झाल्याचे नवा करार सांगतो. त्या घरांत पाळण्यातली मुले होती का? शास्त्र त्यावर बोलत नाही. आणि होतीच किंवा नव्हतीच असे छातीठोकपणे सांगणारा माणूस, मग तो कोणत्याही मंडळीचा असो, शास्त्रापेक्षा एक वाक्य जास्त बोलतो. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन मुलांच्या बाप्तिस्म्याबाबत थांबलेले बरे, असा सल्ला देतो. थांबा असे सांगावे लागले, त्या अर्थी लोक मुलांना घेऊन येत होते. पुढे २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिक येथे काही जणांनी लहानपणचा बाप्तिस्मा अपुरा मानून जाणतेपणी तो पुन्हा घेतला, आणि त्या मताच्या कित्येकांना पुढे याच कारणावरून पाण्यात बुडवून ठार मारले गेले. आपल्या घरातील वाद किती जुन्या जखमेवरचा आहे, हे कळावे म्हणून लिहिले.

आमच्या बाजूचे लोक ‘बालकांना माझ्याजवळ येऊ द्या’ हे वचन बालबाप्तिस्म्याच्या विधीत वाचतात आणि त्यावरच सारा युक्तिवाद उभा करतात. पण मार्कच्या दहाव्या अध्यायात पाणी कुठेच नाही. येशूने मुलांवर हात ठेवले, त्यांना आशीर्वाद दिला, इतकेच. ते वचन मुलांचा देवाच्या राज्यावरील हक्क सांगते. त्यांना पाणी कोणत्या वयात लावावे हे सांगत नाही.

मग मी कोणत्या बाजूचा? बालबाप्तिस्म्याच्याच, आणि त्याचे कारण रावेर-यावलकडच्या कोणत्याही केळीच्या बागेत दिसते. आईच्या कंदाला बिलगून पील उगवते, तेव्हा त्याने स्वतः काहीही केलेले नसते; मुळे आईची, ओल आईची. पण त्या पिलाला पुढे स्वतःचा घड धरायचा असतो, आणि पीलबागेला पाणी-खत मिळाले नाही तर नुसता पाला वाढतो. बालबाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या पहिली गोष्ट नेमकी ओळखतात : आपल्या उत्तराआधी देवाची हाक असते. दुसरी गोष्ट मात्र आम्ही सर्रास विसरतो. मुलाला नवे कपडे, धर्ममाता-पित्यांकडून चांदीचे काहीतरी, मंडपात जेवण, की संपले; त्यानंतर ते मूल मंडळीत दिसते ते थेट लग्नाची तारीख ठरवताना. जाणत्यांचा बाप्तिस्मा करणारे लोक आपल्याला ही चूक दाखवून देतात, आणि ती त्यांची सेवाच आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून उभी राहिली, तेव्हा त्यांत जाणत्यांनाच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते आणि तान्ह्या मुलांना देणारे अँग्लिकनही. त्यांनी दोन्ही रीतींना एकाच मंडळीत जागा दिली. जे तिथे शक्य झाले ते एका घरात अशक्य नसावे.

राहिला आपल्या स्वतःच्या पुनर्बाप्तिस्म्याचा प्रश्न. तो घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. इफिसकरांस लिहिताना पौल ‘एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा’ असे म्हणतो. मार्टिन लूथरचा बाप्तिस्मा जन्माच्या दुसऱ्याच दिवशी, ११ नोव्हेंबर १४८३ रोजी झाला. त्याला त्यातले काहीही आठवणे शक्य नव्हते, तरी पुढे मन खचले की ‘माझा बाप्तिस्मा झालेला आहे’ याच एका गोष्टीला तो धरून राहत असे. आपल्या आठवणीवर तो उभा नव्हता, देवाच्या शब्दावर उभा होता. आपले दृढीकरण, म्हणजे बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने जाणतेपणी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, राहिले असेल तर ते घ्या आणि मंडळीसमोर उभे राहून आपली साक्ष द्या. सासरच्या मंडळींना ती ऐकायला बोलवा. मुलीबाबत बाप्तिस्मा किंवा अर्पणविधी (पाणी न लावता मुलाला प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवणे) यांपैकी काय करायचे, हे आपण नवराबायकोने ठरवावे, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी नव्हे. पत्नीचे मन तयार नसताना केवळ आजींच्या समाधानासाठी पाणी लावून घेऊ नका. आजींनी थांबावे; मोनिका थांबली होती.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो मंडळीत काही शंका काढतो तेव्हा वडील मंडळी त्याला ‘बालकासारखे व्हा’ हे वचन ऐकवतात. तो मला म्हणतो, आई, याचा अर्थ डोके बाजूला ठेवा असाच ना? मी स्वतः शाळेत शिकवते, आणि मला त्याला उत्तर देता आले नाही.
(एक शिक्षिका, अमळनेर)

उत्तर : ताई, आपण शाळेत शिकवता, तर एक प्रश्न आपल्यालाच विचारतो. प्रश्न न विचारणारे मूल आपण कधी पाहिले आहे का? चार वर्षांचे पोर दिवसभरात ‘का’ हा शब्द जितक्या वेळा उच्चारते, तितक्या वेळा आपली सगळी मंडळी मिळून वर्षभरात उच्चारत नसेल. येशू स्वतः बारा वर्षांचा असताना मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न करत होता, असे लूक सांगतो. त्याच्या बालपणाचा तेवढाच एक प्रसंग आपल्याला मिळाला आहे, आणि त्यात तो प्रश्न विचारतो आहे. तेव्हा ‘बालकासारखे व्हा’ म्हणून एखाद्या तरुणाचे तोंड बंद करणे म्हणजे वचन उलटे धरून वाचणे होय.

मग त्या वचनाचा अर्थ काय? ते कोणत्या वेळी उच्चारले गेले ते पाहा. मत्तयच्या अठराव्या अध्यायात शिष्य विचारतात, स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण? मार्क तर सांगतो की कफर्णहूमच्या वाटेवर त्यांच्यात याच गोष्टीवरून वाद झाला होता आणि येशूने विचारल्यावर ते गप्प राहिले. त्या मोठेपणाच्या भांडणात येशू एका मुलाला मध्ये उभे करतो. त्या काळी मुलाला काय किंमत होती, हे कळायला मिसरच्या वाळूत सापडलेले एक पत्र पुरेसे आहे. इ.स.पू. १ मधील ते पत्र आहे. हिलारियन नावाचा मजूर अलेक्झांड्रियाहून आपल्या गरोदर बायकोला मायेने लिहितो, मी तुला विसरणार नाही असे आश्वासन देतो, आणि त्याच ओघात सांगतो की मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. यहुदी लोक मुलांना असे टाकत नसत, पण मुलाचा शब्द चारचौघांत धरला जावा असे तिथेही नव्हते. येशूने मध्ये उभे केले ते असे मूल : ज्याच्या पदरात दाखवण्यासारखे काही नाही, ज्याला कोणी विचारत नाही.

आपल्याला हे चटकन उमगत नाही, कारण मूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निरागसपणा येतो. खानदेशात तर ते साहजिकच आहे. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी ते घरच्यासारखे राहिले. त्यांच्या कवितेने आपल्याला झऱ्याकडे आणि फुलांकडे लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहायला शिकवले, आणि ते ऋण मोठे आहे. पण शुभवर्तमानातले मूल कवितेतले नाही. त्याला पदवी नाही, कोणी त्याच्याकडे कौतुकाने पाहत नाही, आणि ते निरागस आहे असेही येशू म्हणत नाही. मुले हट्ट करतात, खोटे बोलतात, धाकट्याला चिमटे काढतात. वर्गात उभे राहणाऱ्या आपल्याला हे मी सांगायला नको.

मुलाजवळ एकच गोष्ट असते : त्याला घेता येते. लूकने आपल्या वृत्तांतात लोक येशूकडे तान्ह्या मुलांना आणत होते असे म्हटले आहे. अंगावर पिणारी मुले, जी स्वतः चालत येत नाहीत, आणली जातात. आणि मार्कने या प्रसंगाला लागूनच पुढे कोणाची गोष्ट ठेवली आहे ते पाहा. एक श्रीमंत मनुष्य धावत येतो, गुडघे टेकतो आणि विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवण्यासाठी मी काय करावे? आज्ञा त्याने लहानपणापासून पाळल्या आहेत. चारित्र्याने तो आपल्यापैकी पुष्कळांपेक्षा चांगला आहे. पण त्याचे हात भरलेले आहेत आणि तो खिन्न होऊन निघून जातो. रिकाम्या हातांच्या मुलांना आशीर्वाद मिळाला, भरल्या हातांचा माणूस तसाच परतला. मार्कने हे दोन प्रसंग उगाच शेजारी ठेवलेले नाहीत.

आठवडे बाजारात आईचा पदर मुठीत धरून चालणारे मूल आपण पाहिले असेल. त्याला रस्ता ठाऊक नसतो, गर्दीची भीती वाटत असते, मध्येच ते रडते, मध्येच भजीसाठी बसकण मारते. पण मूठ सुटत नाही. विश्वास म्हणजे भीती नसणे किंवा शंका नसणे नव्हे. ज्या बापाने आपल्या आजारी मुलाला येशूकडे आणले, तो एका दमात ‘माझा विश्वास आहे’ आणि ‘माझा अविश्वास घालवून टाका’ असे म्हणाला, आणि त्याला कोणी परत पाठवले नाही.

आणि डोके बाजूला ठेवण्याविषयी म्हणाल, तर पौलाने करिंथकरांना नेमके उलटे लिहिले आहे : दुष्टपणाच्या बाबतीत तान्ह्या मुलांसारखे असा, पण समजुतीच्या बाबतीत प्रौढ व्हा. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक तर दुधावरच राहिलेल्या, जड अन्न न पचणाऱ्या विश्वासणाऱ्यांवर चक्क रागावलेला आहे. आपल्या चिरंजीवांना सांगा की त्यांच्या शंका मंडळीला हव्या आहेत. त्यांनी फक्त एक तपासून पाहावे, आणि हे मी माझ्या विद्यार्थिदशेच्या आठवणीवरून लिहितो : आपण उत्तर मिळावे म्हणून विचारतो आहोत, की समोरच्या वडीलधाऱ्याला निरुत्तर करण्यासाठी? पहिली रीत मुलाची आहे. दुसरी त्या वाटेवरच्या शिष्यांची, मोठा कोण हे ठरवणाऱ्यांची. वडील मंडळींनीही हेच स्वतःला विचारायला हरकत नाही.

प्रश्न : हे पत्र मी आजोबांसाठी लिहीत आहे. त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात काम केले, ते शाळेत गेलेले नाहीत. तीन वर्षांपासून ते उपासनेला येतात आणि त्यांना बाप्तिस्मा घ्यायचा आहे. परंतु तयारीच्या वर्गातील प्रश्नोत्तरे त्यांच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून दोनदा त्यांना थांबायला सांगितले. आता ते म्हणतात, देवाला आपली गरज दिसत नाही.
(एक वाचक, यावल तालुका)

उत्तर : बाळ, तुझे पत्र मी दोनदा वाचले. आजोबांना माझा नमस्कार सांग.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याची गोष्ट आहे. तो रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत होता, पण कोणी समजावून सांगितल्याशिवाय मला कसे समजेल, असे त्यानेच शुभवर्तमान सांगणाऱ्या फिलिप्पाला म्हटले. वाटेत पाणी लागताच त्याने विचारले, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? त्याच दिवशी तो झाला. फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याला तर एक रात्रही थांबावे लागले नाही. हे खरे की पुढच्या शतकांत मंडळीने तयारीचा काळ लांबवला, काही ठिकाणी तो तीन वर्षांपर्यंत होता. पण तेव्हा मुख्यतः पाहिले जाई ते माणसाचे जगणे. तो विधवांची कदर करतो का, आजाऱ्यांना भेटतो का, हे त्याला आणणाऱ्यांना विचारत. पाठांतर हे तयारीचे एक साधन आहे. ज्यांना अक्षर येते त्यांच्यासाठी ते चांगले आहे, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी त्याची भिंत होता कामा नये.

तुमच्या पाळकांचा हेतू वाईट असेल असे मी मानत नाही; बाप्तिस्मा उथळपणे दिला जाऊ नये ही काळजी योग्य आहे. त्यांना नम्रपणे विनंती कर की आजोबांना घरी येऊन, त्यांच्या बोलीत, तीनच गोष्टी विचाराव्यात : येशू तुमच्यासाठी कोण आहे, तुम्ही कशापासून मागे वळला आहात, आणि पुढे कोणाबरोबर चालणार आहात. आजोबांनी अहिराणीत उत्तर दिले तर तेही साक्ष म्हणून पूर्ण आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, प्रत्येकाने आपापल्या भाषेतच ऐकले होते. आणि रोज संध्याकाळी त्यांना मार्कच्या शुभवर्तमानातील एकेक प्रसंग वाचून दाखव. प्रश्नोत्तरे विसरणाऱ्या माणसांना गोष्टी मात्र पक्क्या लक्षात राहतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. देवाला आपली गरज दिसत नाही असे ते पुन्हा म्हणाले, तर ती गरजच दाखवून ते देवासमोर बसले आहेत असे त्यांना सांग. येशूने मध्ये उभे केलेल्या त्या मुलाजवळही दुसरे काही नव्हते.

प्रश्न : आमच्या मंडळीत काही जण म्हणतात की बाप्तिस्मा वाहत्या नदीतच झाला पाहिजे, यार्देनेसारखा. उन्हाळ्यात पांझरेला पाणी नसते. टाकीतला बाप्तिस्मा चालतो का?
(एक युवक, धुळे)

उत्तर : चालतो. पहिल्या-दुसऱ्या शतकातील ‘दिदाखे’ नावाच्या छोट्या ग्रंथात याच प्रश्नाचे उत्तर आहे, म्हणजे पांझरेच्या आधीही कोणाची तरी नदी आटली होती. तो सांगतो : वाहते पाणी असेल तर त्यात, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड पाण्यात शक्य नसेल तर कोमट पाण्यात, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीन वेळा पाणी ओता. पेत्राच्या पहिल्या पत्रातही स्पष्ट म्हटले आहे की बाप्तिस्मा म्हणजे शरीराचा मळ धुणे नव्हे. गावाला टँकर येत असेल त्या आठवड्यात टाकी काठोकाठ भरण्याचा आग्रह मात्र धरू नका, ओतून द्या.

नदीतच करायचा असेल तर पावसाळ्यात तापीच्या पात्रात उतरू नका. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली पाणी झपाट्याने चढते. दसरा-दिवाळीनंतरचा एखादा रविवार ठरवा, उतरण्याची जागा आदल्या दिवशी काठीने चाचपून घ्या, आणि पाळकांबरोबर पोहता येणारी दोन माणसे पाण्यात उभी ठेवा.